न विचारता भरलेला अर्ज

कमळाकर काका,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार माझा नाही. तो सुनंदाताईंचा आहे, तुमच्या मुलीचा. नाहीतर तुमच्याबरोबर मिठागरात आणि पुढे बंदरावर राबलेल्या माणसांचा आहे. मी भिंतीपलीकडच्या भाड्याच्या खोलीतला मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे असा लेख कसा लिहितात हे विचारायलाही कोणी नाही. वार्षिक अंकासाठी सरांनी जवळच्या माणसावर लिहायला सांगितलं आणि मी वहीच्या वरच्या ओळीत तुमचं नाव लिहिलं. मग लक्षात आलं की मी परत तेच करतोय. तुम्हाला न विचारता तुमच्या नावाचा कागद भरतोय.

या वेळी विचारायची सोय नाही. म्हणून एवढंच करतो, एक वाक्य लिहिलं की ते मोठ्याने वाचतो. आई ओट्यापाशी उभी राहून विचारते, "कोणाशी बोलतोस रे?" मी सांगितलं तेव्हापासून ती मध्ये बोलत नाही. फक्त कुकरची शिट्टी झाली की म्हणते, "थांब, मला ऐकू आलं नाही, परत वाच."

तुम्ही गेलात तेव्हा महापालिकेच्या मतदानाला चार दिवस उरले होते. सकाळी सुनंदाताई उरणहून डबा घेऊन आल्या तर तुम्ही खुर्चीत होतात, मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. ताई रडता रडता आईला सांगत होत्या, "कप पन धुवून पालथा घातला बाबानी." आणि मला, त्या गर्दीत, वाटलं की हे वाक्य ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. हे तेव्हा बोलण्यासारखं नव्हतं. आता लिहितो.

अर्धांगाच्या झटक्याने तुमचा डावा हात आणि डावा पाय गेला, तेव्हा आम्ही या गल्लीत राहायला आलोही नव्हतो. मी तुम्हाला पाहिलं ते एका हाताचेच. पहिल्या दिवशी आईने दूध कुठे मिळतं ते विचारायला पाठवलं होतं. तुम्ही कांदा चिरत होतात. पाटातून वर आलेले दोन खिळे, त्यांत कांदा रोवलेला, उजव्या हातात सुरी. कांदा निसटला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. मी वाकलो.

"ऱ्हावदे."

"अहो, देतो ना."

"मी मागितला काय तुज्याकं?"

मी तसाच वाकलेला राहिलो. तुम्ही खुर्चीमागून एक लांब दांडा काढलात. त्याच्या टोकाला आडवी फळी ठोकलेली होती, मिठागरात मीठ ओढायला असते तशीच, फक्त लहान. त्याने कांदा हळूहळू ओढत खुर्चीपाशी आणलात, उचललात, परत खिळ्यांत रोवलात आणि मग माझ्याकडे बघितलंत. "आता बोल. काय पायजे?"

पुढे मला तुमच्या घराचा कायदा पाठ झाला. येणाऱ्याने हात मांडीवर ठेवून बसायचं. चहा तुम्ही करणार. दुधाची पिशवी दातांनी फोडणार, साखरेचा डबा गुडघ्यांत धरून उघडणार, गाळणं कपावर बसवून पातेलं उचलणार. याला पंचवीस मिनिटं लागत. मधे कोणी अर्धं उठलं तरी तुम्ही पाठीमागे न बघता म्हणायचात, "बस खाली. तुजी घाई तुज्याजवल ठेव." पायजम्याला इलॅस्टिक घालून आणते म्हणून सुनंदाताई किती वेळा म्हणाल्या. तुम्ही नाडीचं एक टोक दातात धरून गाठ मारायचात आणि तोंडात नाडी असतानाच त्यांना "नको" म्हणायचात.

आईने एकदा तुम्ही झोपलेले असताना तुमची भांडी घासून ठेवली. तुम्ही उठून ती सगळी परत घासलीत. आई चिडली, "माझ्या हातची भांडी काय खरकटी राहतात?" दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे सुकटीचं कालवण दिलंत आणि निरोप दिलात, "वयनीना सांग, हे भांडं मातर तुमीच घासा." आई हसली. पण ते भांडं तिने तीन दिवस परत केलं नाही, तेवढा राग होताच.

गल्लीत कोणाचाही सरकारी कागद आला की माझ्याकडे यायचा. रेशन कार्डावर नाव चढवायचं, शाळेचा दाखला मागायचा, सगळं मी लिहायचो. मला लाज वाटायची आणि आवडायचंही. तुम्ही नाव ठेवलंत कलेक्टर. खुशीत असलात की कलेक्टर, वैतागलात की घाटी. एकदा "घाटी कलेक्टर" म्हणालात, तेव्हा मला कळेना की चहा पिऊन जायचं की तसंच जायचं.

आता त्या अर्जाचं सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण अंक वाचणाऱ्यांना नाही.

विधानसभेच्या निवडणुकीआधी कॉलेजात मतदार जागृतीचं शिबिर झालं. ज्यांना केंद्रापर्यंत जाणं जमत नाही अशा वृद्ध आणि दिव्यांग मतदारांना घरी मत देता येतं, त्यासाठी अर्ज द्यायचा, असं तिथे सांगितलं. आपापल्या वस्तीत असं कोणी असेल तर शोधा म्हणाले. मी लगेच हात वर केला. त्याच आठवड्यात तुमच्या दिव्यांग दाखल्याचे कागद करायचे होते. मी दोन कागदांच्या खाली तिसरा ठेवला. "इथे सही, इथे, आणि इथे." तुम्ही विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तुम्ही वाचलं नाहीत, कारण कागद मी आणला होता.

तुम्हाला फसवतोय असं मला वाटलं नाही. मला वाटलं, साहेब लोक दारात येतील, काकांना किती बरं वाटेल. घरी मत द्यायचं ठरवलं की केंद्रावर देता येत नाही, हे अर्जावर लिहिलेलं होतं. ते मी वाचलं होतं. मला ते मोठं वाटलं नव्हतं, एवढंच.

ते पाच जण आले. एक बाई साहेब होत्या, एक पोलीस, एक जण कॅमेरा धरलेला. त्यांनी तुमच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. तुम्ही आधी हसून बघत होतात, तुम्हाला वाटलं दुसऱ्या कोणाचं घर विचारायला आलेत.

"तुमचं घरून मतदान आहे, काका," बाई म्हणाल्या.

"माझं? नाय नाय. मी मतदानाला शालेत जातंय. गेल्या टायमालाबी गेलेलो. चालत."

"तुमचा अर्ज आहे. ही तुमची सही."

तुम्ही सही बघितलीत. मग माझ्याकडे बघितलंत. मी तिथेच होतो, फोटो काढायला फोन हातात घेऊन.

"हा रद्द करा," तुम्ही म्हणालात.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की केंद्रावरच्या यादीत तुमच्या नावापुढे खूण झालेली आहे, आता तिथे मत देता येणार नाही. इथे दिलं नाही तर या वेळी मतच नाही.

तुम्ही खुर्ची टेबलाकडे ओढलीत. मग म्हणालात, "आना. मत तर द्यायलाच पायजे."

एका हाताने पत्रिकेची घडी घालणं अवघड जाईल म्हणून त्यांनी विचारलं, कोणी सोबत हवं का, हा मुलगा चालेल का. तुम्ही म्हणालात, "हा? हा तर नकोच." पोलीस हसला. मी हसलो नाही. आडोशामागे तुम्ही कोपराने दाबून घडी घालत होतात, कागदाचा आवाज येत होता. शेवटी शाई लावायला त्यांच्यातल्या एकाने तुमचा डावा हात धरला. तो हात कायम मुठीत वळलेला असायचा. तो माणूस बोट ओढू लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांबा, तो वलखीशिवाय उघडत नाय." आणि उजव्या हाताने मनगट चोळत चोळत एकेक बोट सोडवलंत.

ते गेल्यावर मी दारात उभा होतो. माफ करा म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "मला वाटलं, तुम्हाला त्रास नको."

तुम्ही म्हणालात, "वाचलं नाय ही माझी चूक. इचारलं नाय ही तुजी. निम्मी निम्मी." आणि थोड्या वेळाने, "केस कापायला न्हावी घरी येतो. सिलिंडर घरी येतो. पोरगी फोनवरून तांदूल पाठवते, तो घरी येतो. डाक्टर फोनात दिसतो. सगलं घरी येतं रे. मीच कुटं जात नाय. एक ती शाला होती. तिथं मानूस माझं पुरं नाव वाचतो, बापासकट, चारचौघांत. मी म्हनतो, हाय. आन मग मना आत सोडतात." तुम्ही टेबल पुसलंत. "आता नावापुडं खून झाली. आता मी घरबसल्यांच्या यादीत."

"तेवढ्यापुरतीच असते ती खूण. पुढच्या वेळी नसते."

"कागदावर दाकव."

माझ्याकडे तसा कागद नव्हता.

आठ दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चहा मात्र द्यायचात. नवव्या दिवशी विजेचं बिल पुढे टाकलंत. "वाच. सगलं. मागची बाजूबी." तो तुमचा नवा कायदा. तुमच्या घरात येणारा प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचायचा, तुम्ही अर्थ विचारणार, मला आला नाही तर मी शोधून आणणार, आणि मगच सही. औषधाच्या डबीतला तो पातळ, घड्या घातलेला कागदसुद्धा. "यात लिवलंय चक्कर येते. आन तू मना आता सांगतोस? मी दोन वर्सं खातोय."

मला तेव्हा ती शिक्षा वाटायची. आता वाटतं, मला वाचायला तिथे आलं. वर्गात मी अर्थ न कळता पुढे जायचो, कारण विचारायची भीती वाटायची. तुमच्याकडे पुढे जाता येत नव्हतं. तुम्ही "म्हंजे?" म्हणायचात आणि मी अडायचो, आणि अडलो तर तुम्ही थांबायचात, चहासारखेच, पंचवीस मिनिटं लागली तरी. माझं वाचणं इतक्या शांतपणे कोणी ऐकलं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, घाटी, बिल वाच.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं, आणि त्यात मी माझी बाजू सोडलेली नाही. गेल्या पावसाळ्यात तुम्ही मोरीत पडलात. भिंतीपलीकडे मी अभ्यास करत होतो. तुम्ही हाक मारली नाहीत. बादली पालथी घालून, तिच्यावर हात रोवून, थांबत थांबत उठायला तुम्हाला तासभर लागला. मला हे तुमच्या कोपराच्या जखमेवरून कळलं. मी पहिल्यांदा तुमच्यावर ओरडलो.

"गळ्यात घंटी अडकवा. नाहीतर फोन तरी. हाक मारायला काय झालं होतं?"

"उठलो ना मी?"

"नसता उठलात तर?"

"तर मारली असती हाक."

"कधी? किती वेळाने?"

"तो टाइम मी ठरवनार. तू नाय."

मी म्हटलं, मदत घेण्यात कमीपणा नसतो. माझी आजी शेवटची दोन वर्षं खाटेवर होती, घरी मत देता येतं हे तेव्हा आम्हाला ठाऊक असतं तर तिला किती आनंद झाला असता. तुम्ही ऐकून घेतलंत. म्हणालात, "तुज्या आजीला द्यायलाच पायजे होतं. ज्याला पायजे त्याला द्या. मी कुटं नाय म्हनतोय? पन आदी इचारा. माज्याकडं एक हात हाय, एक पाय हाय आन तोंड हाय. तोंडाला तर काय झालं नाय."

एवढं मी मान्य केलं. पण घंटीचं मला अजूनही बरोबर वाटतं, काका. तुम्ही गेलात त्या सकाळी गळ्यात घंटी असती तर तुम्ही वाजवली असती का, याचा मी पुष्कळ विचार केला. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाय वाजवली असती." आणि आम्ही दोघं हसलो, सुतकातल्या घरात. आईने डोळे वटारले.

महापालिकेची निवडणूक लागणार असं ठरल्यापासून तुम्ही संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागलात. काठी, उजवा पाय, मग कमरेतून झोका देऊन डावा. टॉवरमधून क्लासला जाणारी मुलं तुम्हाला वाट द्यायची. वॉचमन खुर्ची पुढे करायचा, तुम्ही तिला हात लावून पुढे जायचात, म्हणजे त्याचा मान राहील. मग प्रभागाच्या याद्या लागल्या. मी आमची नावं बघितली, होती. तुमचं नव्हतं. दोनदा बघितलं, आई शेजारी बसून बोट फिरवत होती. नव्हतं.

तुम्ही रागावला नाहीत, ते मला जास्त लागलं. "बगितलंस? गेलं नाव घरबसल्यांच्या यादीत." दुसऱ्या दिवसापासून चालणं बंद. काठी दाराआड. चहा केलात, पण निम्मा कप तसाच ठेवलात. मी म्हटलं, नावं इकडची तिकडे जातात, दुसऱ्या प्रभागात असेल. तुम्ही म्हणालात, "ऱ्हावदे आता, तुजी परीक्षा हाय."

परीक्षा होतीच. पण ते नाव माझ्यामुळे गेलं असं तुम्ही धरून चालला होतात आणि मला ते सहन होत नव्हतं. मला पक्कं ठाऊक होतं की तुमचं नाव मागच्या खुणेमुळे गेलेलं नाही. पण तुम्हाला कागद हवा होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी शेजारच्या प्रभागाच्या याद्या काढल्या आणि पान पान वाचलं, तुमच्यासमोर वाचतो तसं, ओठ हलवत. शेजारचा मुलगा म्हणाला, "काय जप करतोस का?" दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. पानाचा प्रिंट काढला. लगेच फोन करणार होतो, पण तुम्ही काय काय विचाराल ते मला माहीत होतं, म्हणून आधी रिक्षाने त्या पानावर केंद्र म्हणून दिलेल्या शाळेपाशी गेलो आणि तिथून फोन लावला.

पहिल्यांदा वाजून थांबला. ते आपलं ठरलेलंच होतं. पहिला फोन तुम्ही उठण्यासाठी, दुसरा उचलण्यासाठी. दुसऱ्यांदा लावला.

"बोल कलेक्टर."

"काका, नाव सापडलं."

तुमच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"वाच," तुम्ही म्हणालात.

मी वाचलं. अनुक्रमांक, तुमचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, घर क्रमांक. रस्त्यावरून कंटेनर जात होते, म्हणून ओरडून वाचलं. पानवाला बघायला लागला.

"खून?"

"नाही."

"नीट बग."

"नीट बघितलं. वरच्या नावापुढे नाही, खालच्या नावापुढे नाही, तुमच्याही नाही."

"बरं." मग परत, "बरं." मग आवाज बदलला. "शाला कुठली?"

"नाल्यापलीकडची. नेहमीच्या शाळेपेक्षा लांब आहे काका. दुप्पट तरी."

"मग साडेसहाला निघन."

"मी येऊ सोबत?"

"इचारलंस ते बरं केलंस. नको."

"बरं."

"पायऱ्या किती?"

मी आत जाऊन मोजल्या. "चार."

"कठडा हाय?"

"आहे. पण एकाच बाजूला."

"कुठल्या?"

मी पायऱ्यांकडे तोंड करून उभा राहिलो आणि हात पुढे करून बघितला. "चढताना उजवीकडे."

"म्हंजे उतरताना डावीकडं."

"हो," मी म्हटलं, आणि आता तुम्ही फोन ठेवाल असं वाटलं.

तुम्ही हसलात. "मग उलटा उतरन. शालेकडं तोंड करून. त्यात काय!"